खोडकिडीच्या अंड्यात वाढणारी गांधीलमाशी



सुरू उसात पोंगे वाळू लागले की गट ऑफिसात ट्रायकोकार्डांची मागणी वाढते. कार्ड हातात पडल्यावर पुष्कळजण विचारतात, "यात किडा कुठं आहे? नुसता काळा रवा चिकटवलाय!" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्या किड्याचीच ओळख करून देतो.

नाव ट्रायकोग्रामा किलोनिस. मुंग्या, मधमाश्या यांच्याच गणातली ही गांधीलमाशी, पण लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. खसखशीचा दाणासुद्धा तिच्यापेक्षा मोठा. माणसाला चावत नाही. अंग पिवळसर, डोळे लाल. पंखांवर बारीक केसांच्या रांगा असतात. ट्रायकोग्रामा या ग्रीक शब्दाचा अर्थच केसांची रेघ. पावलाला तीनच पेरं, ही तिच्या कुळाची खूण. नराच्या मिशांवर लांब केस, तर मादीच्या मिशांचं टोक गदेसारखं जाड.

रंगावरून मात्र जात ठरत नाही. थंडीत वाढलेली माशी गडद निघते, उन्हाळ्यातली फिकट. त्यामुळे आपल्याकडे हिला पूर्वी मायन्यूटम, इव्हानेसेन्स, ऑस्ट्रेलिकम अशी निरनिराळी नावं पडली. नराच्या जननेंद्रियाची ठेवण पाहूनच जात नक्की ओळखता येते, हे नागरकट्टी व नागराज या शास्त्रज्ञांनी १९७१ साली दाखवून दिले. किलोनिस हे नाव इशिई यांनी जपानात १९४१ सालीच दिलेले होते. किलो हे खोडकिडीच्या पतंगाचे शास्त्रीय नाव, त्यावरून किलोनिस.

नावांची ही भानगड शेतकऱ्याला कशाला, असं वाटेल. पण खोडकीड आणि कांडीकिडीला किलोनिस वापरतात, शेंडेकिडीला जॅपोनिकम ही दुसरी जात. तेव्हा कार्डावरचं नाव वाचूनच कार्ड घ्यावं.

कार्डावरची अंडी तांदळातल्या पतंगाची असतात, एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी. आत माशीचा कोष तयार झाला की अंडं काळं पडतं. बाहेर पडलेली मादी उसाच्या पानामागे खोडकिडीची अंडी शोधते व त्यांत आपलं अंडं घालते. अळी आतला गर खाते, आठ-दहा दिवसांत माशी बाहेर येते आणि खोडकिडीची अळी जन्मतच नाही. पानावरचं अंडं पूर्ण काळं दिसलं तर काम झालं समजा. नुसता काळा ठिपका दिसला तर ते खोडकिडीच्या अळीचं डोकं; भिंगातून नीट पाहा.

म्हणजे ही माशी फक्त अंडी मारते. अळी एकदा खोडात शिरली की हिचा काही उपयोग नाही. पोंगा वाळल्यावर कार्ड मागायला येणं म्हणजे उशीरच. लागण महिना-दीड महिन्याची झाली की हेक्टरी अडीच कार्डं, दर दहा दिवसांनी, पानाच्या खालच्या बाजूला टाचावीत. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. त्या आठवड्यात औषध फवारू नये. किडीआधी माशीच मरते.

आणि कार्डावरच्या अंड्यांना भोकं दिसली, तर माश्या आधीच उडून गेलेल्या असतात. असलं कार्ड घेऊ नका, शेतकी मदतनिसाकडून बदलून घ्या.