राजकोटची १८७५ सालची शाळा झाली संग्रहालय. सोमनाथ-द्वारकेला जाताना काय बघाल?

सोमनाथ-द्वारकेला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या राजकोटला चहापाण्यापुरत्या थांबतात आणि पुढं निघतात. पण याच शहरात, ज्युबिली बागेजवळ, एक जुनी दगडी शाळा आहे. मोहनदास गांधी नावाचा मुलगा इथं शिकला. आज तिथं 'महात्मा गांधी संग्रहालय' आहे.

शाळा कोणती?

राजकोटमध्ये १८५३ साली इंग्रजी शाळा सुरू झाली. आजची इमारत १८७५ सालची. जुनागढच्या नवाबानं ती बांधून दिली. इंग्लंडच्या राणीचा मुलगा आल्फ्रेड याच्या नावावरून तिला आल्फ्रेड हायस्कूल म्हणू लागले. गांधीजींचे वडील राजकोट संस्थानचे दिवाण होते. मोहनदास या शाळेत शिकले आणि १८८७ साली मॅट्रिक झाले.

ते काही पहिल्या नंबरचे विद्यार्थी नव्हते. शाळा तपासायला साहेब आले आणि त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला दिले. मोहनदासचा 'केटल' हा शब्द चुकला. शेजारच्या पोराच्या पाटीवर बघून घे, असं गुरुजींनी बुटाच्या टोकानं खुणावलं. पण गुरुजी कॉपी करायला सांगतील, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. वर्गात तो एकटाच चुकला. ही आठवण गांधीजींनी आत्मचरित्रात स्वतः सांगितली आहे. पोरांना घेऊन गेलात तर हा किस्सा त्या वर्गखोल्यांतच सांगा.

आत काय आहे?

३० सप्टेंबर २०१८ रोजी संग्रहालय खुलं झालं. जुन्या वर्गखोल्यांची दालनं केली आहेत. फोटो, फलक आणि पडद्यावरच्या चित्रफिती यांतून गांधीजींचं आयुष्य क्रमानं बघता येतं. घाई न करता दोन तास हाताशी ठेवा. गांधीजींचं लहानपणीचं घर 'कबा गांधी नो डेलो' हेही याच शहरात आहे. वेळ आणि सुट्टीचा वार निघण्यापूर्वी तपासून घ्या.

दुसरी बाजू

संग्रहालय होण्यासाठी शाळा मात्र बंद करावी लागली. २०१७ साली शेवटच्या सव्वाशे विद्यार्थ्यांच्या हातात दाखले दिले गेले. पट घटत गेला होता. वास्तू वाचली, पण तिथली घंटा थांबली. पटाअभावी शाळा बंद होण्याची भीती आपल्या वाड्यावस्त्यांना नवी नाही.

आपल्या साताऱ्यात वेगळं चित्र दिसतं. प्रतापसिंह हायस्कूलमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरमध्ये त्याचा नंबर १९१४. ते पान शाळेनं आजवर जपलं आहे. २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तिथं ठेवाही टिकला आणि शाळाही चालू राहिली.

आपल्या गावात काय करता येईल?

प्रत्येक गावात संग्रहालय होणार नाही. पण जुन्या शाळेत जनरल रजिस्टर असतंच. आजोबा-पणजोबांची जन्मतारीख आणि जात त्यात लिहिलेली असते. जातीच्या दाखल्यासाठी पुरावा शोधताना किती जणांना याच रजिस्टरचा उतारा कामी आला, हे गावोगाव माहीत आहे. काही ठिकाणी जुन्या नोंदी मोडीत आहेत. कपाटात ओल आणि वाळवी शिरली तर हा पुरावा परत मिळत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: जुनी रजिस्टरं कुठं आहेत, कोरड्या जागी आहेत का आणि त्यांची स्कॅन प्रत निघाली आहे का? राजकोट बघायला सवडीनं जाता येईल, पण गावातलं कपाट पावसाळ्याआधी उघडून बघायला हवं.