खेळाडू विद्यार्थ्याला कॉलेज काय देणं लागतं?

समजा, तुमची मुलगी उमरखेडच्या कॉलेजात बी.ए. पहिल्या वर्षाला आहे आणि कबड्डी चांगली खेळते. विद्यापीठाच्या संघात निवड झाली, बाहेरच्या राज्यात स्पर्धा खेळून आली आणि महिन्याभरात एका खासगी विद्यापीठातून फोन आला : "आमच्याकडे या. फी माफ, हॉस्टेल फ्री, मेस फ्री." तुम्ही काय कराल?

माझ्या पीएचडीचा विषय याच फोनच्या आसपासचा आहे. त्यातले तीन प्रश्न आज सुटे करून सांगते : कोण खेळू शकतं, कोण कुणाला बोलावू शकतं आणि खर्च कोण करतं.

कोण खेळू शकतं?

यवतमाळ जिल्ह्यातली कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला संलग्न आहेत. कॉलेजचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळतो, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. पुढची पायरी म्हणजे आंतरविद्यापीठ स्पर्धा. त्या भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू, भरवतो. कबड्डीसारख्या खेळात आपण आधी पश्चिम विभागात खेळतो आणि तिथले वरचे संघ अखिल भारतीय पातळीवर जातात.

एआययूचे पात्रतेचे नियम कडक आहेत. खेळाडू नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी हवा. वय १७ ते २५. बारावी होऊन आठ वर्षांपेक्षा जास्त काळ लोटलेला नको. पूर्णवेळ नोकरी करणारा चालत नाही. कारण तुम्हाला ठाऊकच आहे. गावच्या कबड्डी सामन्यांत 'बाहेरचे प्लेअर उतरवले' म्हणून जी भांडणं होतात, तीच इथं टाळायची असतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या : हे नियम खेळाडूने काय पाळायचं ते सांगतात. कॉलेजने खेळाडूसाठी काय करायचं, हा त्यांचा विषय नाही.

कोण कुणाला बोलावू शकतं?

विद्यापीठांना खेळाडू हवे असतात, त्यामागे सरळ हिशोब आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धांतल्या कामगिरीवर मौलाना अबुल कलाम आझाद करंडक मिळतो. तो १९५६-५७ पासून दिला जातो आणि वर्षानुवर्षं पंजाबातल्या सरकारी विद्यापीठांनी तो गाजवला. २०२४ चा करंडक चंदीगड विद्यापीठाला मिळाला. हा मान मिळवणारं ते पहिलं खासगी विद्यापीठ. शिवाय २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा आहेत. पदकामुळे विद्यापीठाचं नाव होतं आणि नावामुळे प्रवेश वाढतात. म्हणून फोन येतात. त्यात वाईट काही नाही, उलट गरीब घरच्या मुलीसाठी ती संधी असते. फक्त दिलेला शब्द पाळला जाईल का, हे कोण बघणार?

अमेरिकेत हा प्रश्न फार आधी आला. तिथं कॉलेज खेळांचा कारभार एनसीएए ही संस्था पाहते. प्रशिक्षकाने खेळाडूशी कधी संपर्क करायचा, काय देऊ करायचं, याचेही नियम तिथं आहेत. १९५६ मध्ये खेळाच्या शिष्यवृत्तीला मान्यता मिळाली. १९७३ मध्ये मात्र ती एकेका वर्षाची केली गेली. म्हणजे दुसऱ्या वर्षी गुडघा गेला किंवा प्रशिक्षकाची मर्जी गेली, की तिसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती मिळेलच असं नाही. एकाहून अधिक वर्षांची हमी द्यायला पुन्हा परवानगी मिळायला २०१२ उजाडलं. २०२१ पासून तिथले खेळाडू जाहिरातीतून कमावू शकतात आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजं त्यांना थेट पैसेही देऊ शकतात. तो पैसा आपल्याकडे नाही, पण एकेका वर्षाच्या शिष्यवृत्तीचा धडा आपल्या कामाचा आहे.

खर्च कोण करतं?

प्रवेशाच्या पावतीवर क्रीडा शुल्क असतं. कॉलेजच्या खेळाचा मोठा आधार तोच, म्हणजे पैसा विद्यार्थ्यांचाच. छोट्या कॉलेजात विद्यार्थी कमी, म्हणून निधीही कमी. त्यात उमरखेडहून अमरावती दोनशे किलोमीटरच्या आसपास. निवड चाचणीला जायचं तर एक दिवस प्रवासातच जातो.

सरकारी मदत पाहा. महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, जास्तीत जास्त २५. पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. खेलो इंडियात निवड झालेल्यांना महिन्याला १०,००० रुपये भत्ता मिळतो, पण तिथवर मोजकेच पोचतात. बाकीच्यांसाठी फायदा कॉलेजच्या आधी आहे आणि कॉलेजनंतर आहे. मधली तीन-चार वर्षं, जेव्हा सराव, खुराक आणि बूट यांचा खर्च सर्वांत जास्त असतो, ती घरच्यांनी निभवायची. बाहेरून आलेला फोन एवढा गोड वाटतो तो म्हणूनच.

फोन आलाच तर

हे प्रश्न विचारा, आणि उत्तरं लेखी मागा :

- फी माफी एका वर्षाची की पूर्ण पदवीची?
- दुखापत झाली किंवा संघातून वगळलं, तर हॉस्टेल आणि फी माफी सुरू राहील का? उपचाराचा खर्च कोणाचा?
- विद्यापीठ बदलल्यावर पहिल्याच वर्षी खेळता येईल का?
- स्पर्धेमुळे परीक्षा बुडाली तर पर्याय काय?
- सोडून यायचं झालं, तर मूळ कागदपत्रं अडवून ठेवणार नाहीत ना?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फोन करणाऱ्यावर सोडू नका. आपल्या कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकांकडून चालू वर्षाचे एआययूचे नियम मागून घ्या आणि स्वतः वाचा. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्रही जपून ठेवा. नोकरीतल्या आरक्षणासाठी त्याची पडताळणी होते.

आणि मुलीने इथंच राहायचं ठरवलं, तर हेच प्रश्न आपल्या कॉलेजलाही विचारा. क्रीडा शुल्क तुम्हीच भरलंय, तेव्हा त्याचा हिशोब मागायला संकोच कशाला?