विरचना : मूळ ग्रंथ आणि पुरवणी

बंगळूरहून कोलारकडे जाणाऱ्या वाटेवर होसकोटे हे गाव आहे. कन्नड भाषेत ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे किल्ला. सुगटूरच्या पाळेगारांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस येथे कोट उभारला, तेव्हा हे नाव सार्थ होते. त्यानंतर चार शतके लोटली. नाव मात्र ‘नवा कोट’ असेच राहिले. दगडमातीत नवेपण असते, तर ते केव्हाच झिजून गेले असते. येथील ‘नवा’ या शब्दाला अर्थ येतो तो कुठल्या तरी जुन्या कोटाशी असलेल्या भेदामुळे, आणि तो जुना कोट तर नावात उच्चारलेलाही नाही. जे अनुपस्थित आहे, त्याच्या आधारावर उपस्थित शब्द उभा आहे.

भाषेतील सर्वच अर्थ अशा भेदांतून निष्पन्न होतो, हा विचार स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर याच्या व्याख्यानांतून पुढे आला. ती व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. या विचाराचे दूरगामी परिणाम ज्याने शोधून काढले तो तत्त्वज्ञ म्हणजे जाक देरिदा (१९३०–२००४). त्याचा जन्म अल्जीरियातील, कर्मभूमी फ्रान्स. १९६७ या एकाच वर्षी त्याचे तीन ग्रंथ प्रसिद्ध झाले आणि त्याच्या वाचनपद्धतीची चर्चा सुरू झाली. मराठी समीक्षेने या पद्धतीस ‘विरचना’ असे नाव दिले. हा शब्द मोठा मार्मिक आहे. संस्कृतात ‘विरचित’ म्हणजे रचलेले. जुन्या पोथ्यांवर ‘अमुक कविविरचित’ असे लिहिलेले असते. समीक्षेत मात्र त्याच शब्दाने रचना उकलून पाहणे सूचित होते. जोडणे आणि सोडवणे हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात, आणि देरिदाला अभिप्रेत असलेली क्रियाही नेमकी अशीच दुहेरी आहे.

विरचना म्हणजे मोडतोड, हा समज म्हणूनच चुकीचा ठरतो. प्रत्येक ग्रंथात काही जोड्या गृहीत धरलेल्या असतात : मूळ आणि अनुकरण, वाणी आणि लेखन, मध्य आणि परिघ. त्यांतील एका पदास मान मिळतो, दुसरे दुय्यम ठरते. विरचनाकार ग्रंथाचे बारकाईने वाचन करून दाखवितो, की दुय्यम पदावाचून पहिल्या पदाचे मुळीच भागत नाही. फ्रेंच विचारवंत रूसो लेखनाला वाणीची केवळ पुरवणी मानतो. देरिदाचा प्रश्न साधा आहे : वाणी जर स्वयंपूर्ण असेल, तर तिला पुरवणीची गरज का पडावी? पुरवणी जोडता येते, याचाच अर्थ मूळात काही उणे होते.

हा मुद्दा मराठी वाचकाला त्याच्या परिचयाच्या एका ग्रंथावरून अधिक स्पष्ट होईल. १६३८ च्या सुमारास विजापूरच्या फौजांनी बंगळूर जिंकले आणि पुढे बंगळूर, होसकोटे, कोलार हा मुलूख शहाजी भोसल्यांच्या जहागिरीत आला. त्यांच्या बंगळूरच्या दरबाराशी संबंध असलेल्या जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ हे संस्कृत काव्य रचले. नाव राधा-माधवांचे, आणि पूर्वार्धातील विषयही त्यांचाच. उत्तरार्धात मात्र शहाजीचा दरबार अवतरतो, आणि अखेरीस नाना देशभाषांतील कवने येतात. आपणास बारा भाषा येतात, असे हा कवी अभिमानाने सांगतो. ग्रंथाच्या स्वतःच्या मांडणीनुसार देवकथा हे मूळ, राजस्तुती ही जोड आणि देशभाषा ही शेवटची पुरवणी. संस्कृतचा मान अबाधित राखण्याची ही रीत होती. परंतु बारा भाषा बोलणाऱ्या दरबाराचे दर्शन घडविण्यास एकटी संस्कृत अपुरी पडते, हे त्या पुरवणीने आपोआप कबूल केले आहे.

पुढे १९२२ मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी हा चंपू प्रसिद्ध केला आणि त्यास भलीमोठी प्रस्तावना जोडली. आज ग्रंथाचे नाव निघते ते बहुधा त्या प्रस्तावनेमुळे. राधा आणि माधव यांच्याकडे फारसे कोणी वळत नाही! देरिदाच्या ग्रंथाबाबतही असेच काहीसे घडले. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९७६ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले, आणि त्यांची दीर्घ प्रस्तावना स्वतंत्रपणे अभ्यासली जाऊ लागली. प्रस्तावना ग्रंथाच्या आत की बाहेर, याचा निर्णय करणे वाटते तितके सोपे नाही.

मराठी इतिहासकथनात पुणे हा मध्य आणि कर्नाटकातील जहागीर हा परिघ, अशी मांडणी रूढ आहे. शहाजी त्या कथेची जणू प्रस्तावना, आणि होसकोटे तर तळटीपही नव्हे. जयरामाच्या ग्रंथात मात्र दरबार बंगळूरला आहे आणि पुणे दूर आहे. तथापि ही उलटापालट करून थांबणे म्हणजे विरचना नव्हे. बंगळूरला सिंहासनावर बसवून पुण्याला खाली उतरविले, तर जोडी तशीच राहते. फक्त जागा बदलतात. दुसरे पाऊल अधिक अवघड आहे. पुणे ‘मूळ’ ठरते ते पुढे घडलेल्या इतिहासामुळे, आणि तो इतिहास लिहिताना बंगळूरचा उल्लेख टाळताही येत नाही, पुरता सामावूनही घेता येत नाही. कोणत्या प्रदेशाचा इतिहास कोणाचा, असा वाद दोन भाषांच्या सीमेवर वारंवार उद्भवतो, तेव्हा हे दुसरे पाऊल सोयीस्कररीत्या विसरले जाते.

देरिदावर टीकाही पुष्कळ झाली. १९९२ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्याला सन्माननीय पदवी देण्याचे ठरविले, तेव्हा अनेक तत्त्वज्ञांनी जाहीर निषेध केला. अखेर मतदान घेऊन पदवी देण्यात आली. त्याचे लेखन दुर्बोध आहे, हा आक्षेप बराचसा खरा आहे. कोणताही अर्थ कशालाही चिकटवावा, असे तो सांगतो, हा आक्षेप मात्र खरा नाही. चंपूत शहाजीचा दरबार आहे आणि तो बंगळूरला आहे, हे विरचनाकारालाही मान्य करावेच लागते. त्याची तक्रार एवढीच, की पूर्वार्ध वाचून मिटलेला ग्रंथ वाचला असे म्हणता येणार नाही.