इलेक्ट्रॉनचा इवलासा पूल

मुलांनो, मुंबई-नाशिक महामार्गाने कधी आमच्या पडघ्यावरून गेलात, तर मान वर करून जरूर बघा. विजेचे उंचच उंच मनोरे आणि तारांचं जाळं दिसेल. पार चंद्रपूरहून सुमारे ७५० किलोमीटरचा प्रवास करून वीज इथल्या उपकेंद्रात येते. १९९९ साली सुरू झालेल्या या वाहिनीचा दाब आहे पाच लाख व्होल्ट! (अशा तारांच्या आसपास पतंग उडवायचा नाही बरं का!)

वीज वाहते म्हणजे इलेक्ट्रॉन सरकतात. तारेत धातूचे अणू एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनची वाट सोपी असते. पण धातूचे दोन अणू पेलाभर पाण्यात सुटे फिरत असतील तर? तिथे तार कुठली!

शिवाय हे अणू एकटे नसतात. राजाभोवती मानकरी असावेत तसे प्रत्येकाभोवती, बहुधा सहा, सोबती चिकटलेले असतात. कधी पाण्याचे रेणू, कधी अमोनियाचे, कधी क्लोरिन. या सोबत्यांना रसायनशास्त्रात ‘लिगंड’ म्हणतात. मग एका राजाकडचा इलेक्ट्रॉन एवढं कडं ओलांडून दुसऱ्याकडे जातो कसा?

हे कोडं सोडवलं हेन्री टॉब यांनी. जन्म कॅनडातला, काम अमेरिकेत. १९५३ साली त्यांनी केलेला प्रयोग एखाद्या गुप्तहेरकथेत शोभावा असा आहे.

त्यांनी एका बाजूला घेतला कोबाल्ट. त्याच्याभोवती पाच अमोनिया आणि एक क्लोरिन. हा कोबाल्ट आपल्या सोबत्यांना घट्ट धरून ठेवतो. दुसऱ्या बाजूला क्रोमियम, भोवती पाणी. हा मात्र सैल हाताचा, सोबती सारखे बदलणारा. दोघांना एकत्र केलं. क्रोमियमने एक इलेक्ट्रॉन कोबाल्टला दिला. देताच दोघांचे स्वभाव उलटे झाले! कोबाल्ट सैल झाला, क्रोमियम घट्ट.

आणि क्लोरिन सापडला कुठे? क्रोमियमकडे!

आता विचार करा. क्रोमियम घट्ट झाल्यावर त्याने बाहेरचा नवा सोबती इतक्या झटपट घेतला नसता. म्हणजे इलेक्ट्रॉन देण्याच्या क्षणी क्लोरिनने दोघांचेही हात धरलेले असणार. तोच पूल! इलेक्ट्रॉन अलीकडून पलीकडे गेला आणि पूल मात्र पलीकडून अलीकडे आला. पण तो पाण्यातला दुसराच एखादा क्लोरिन असेल, अशी शंका कुणी काढली तर? टॉब यांनी तीही सोय केली होती. पाण्यात त्यांनी किरणोत्सर्गी, म्हणजे जणू खूण केलेला क्लोरिन सोडून पाहिला. क्रोमियमकडे तो जवळजवळ गेलाच नाही.

क्लोरिनच्या जागीही अमोनियाच ठेवला, तर हीच देवघेव कोट्यवधी पट मंदावते. कारण अमोनियाला हात एकच, आणि तो आधीच कोबाल्टने धरलेला. दुसऱ्याला द्यायला हात नाही, तर पूल बांधणार कसा?

असा पूल तुम्ही रंगातही पाहू शकता. ‘प्रशियन ब्लू’ हा गडद निळा रंग ठाऊक आहे? घरांचे, यंत्रांचे जुने ‘ब्लू प्रिंट’ याच रंगाचे असत. त्यात लोखंडाचे अणू दोन प्रकारचे. त्यांच्यामध्ये कार्बन आणि नायट्रोजन या जोडीचा पूल. प्रकाश पडला की एका लोखंडाकडचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे ढकलला जातो. त्यात तांबूस प्रकाश खर्ची पडतो आणि आपल्या डोळ्यांना उरतो तो निळा.

टॉब यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. पण मला सगळ्यात आवडते ती १९६९ सालची गंमत. कॅरोल क्रॉइट्झ आणि टॉब यांनी रुथेनियम धातूचे दोन अणू घेतले आणि मध्ये दोन टोकांना दोन हात असलेला ‘पायराझिन’ नावाचा रेणू बसवला. हिशेबाने एका रुथेनियमवर दोन धनभार हवेत, दुसऱ्यावर तीन. पण कोणावर दोन आणि कोणावर तीन? यावर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं वाद घालत बसले. शेवटी बहुतेकांचं मत पडलं, की दोघांवर अडीच-अडीच. पूल इतका छान, की इलेक्ट्रॉन या काठाचा की त्या काठाचा, हे सांगताच येत नाही!