फॉरमॅट मारण्याआधी

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आदिलाबादला मामांकडे गेले होते. फराळाचं ताट हातात येण्याआधीच मामांनी मला त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर नेऊन बसवलं. बटण दाबलं की विंडोजचं चिन्ह यायचं, थोडा वेळ थांबायचं आणि मग निळा पडदा. दहा वेळा चालू करा, दहाही वेळा तेच.

"दुकानवाला फॉरमॅट मारा म्हणते," मामा म्हणाले. "आतलं काही राहणार नाही म्हणते."

आतलं म्हणजे आजोबांच्या आठवणी. आजोबा जायच्या आधी दोन वर्षं रोज संध्याकाळी बोलत आणि मामा टाइप करत. पैनगंगा ओलांडून बैलगाडीनं गेलेली वऱ्हाडं, निजामाचं राज्य, सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई. मग १९५६ साली राज्यांची नवी रचना झाली, तेव्हा राजुरा आणि किनवट आदिलाबादपासून तुटले आणि एकाच घराण्यातले भाऊ दोन राज्यांचे झाले, तेही त्यात होतं. सत्तर-बहात्तर पानं. प्रत मात्र एकच, आणि ती या डब्यात.

मी म्हटलं, "मामा, आता याला हात लावू नका. पुन्हा चालू करून बघूसुद्धा नका."

हे शहाणपण मला आधीच्या एका चुकीतून आलं होतं. हॉस्टेलवर असताना मैत्रिणीचा लॅपटॉप असाच अडला. मी उत्साहानं विंडोजचीच डिस्क दुरुस्त करणारी सोय चालवली. हार्डडिस्क मरणपंथाला लागलेली, आणि मी तिच्यावर रात्रभर लिहिणं-पुसणं करत होते. सकाळी फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी नाव-गाव नसलेल्या तुकड्यांचा ढीग. तिचा प्रोजेक्ट गेला. ती काही बोलली नाही, हे जास्त लागलं.

विंडोज चालू होत नाही याचा अर्थ फाइली गेल्या असा नसतो. दाराचं कुलूप अडकलं म्हणून घरातलं सामान नाहीसं होत नाही, तसंच आहे हे. आत जायला फक्त दुसरी वाट हवी. ती वाट म्हणजे लिनक्सची रेस्क्यू डिस्क.

ही कल्पना जुनी आहे. क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्यानं २००० साली 'क्नॉपिक्स' काढलं. अख्खं लिनक्स एका सीडीवर, कुठेही इन्स्टॉल न करता चालणारं. कॉम्प्युटर सीडीवरून किंवा पेनड्राइव्हवरून सुरू होतो, सगळं काम रॅममध्ये चालतं, आणि आपण सांगितल्याशिवाय आतल्या हार्डडिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही. आजारी माणसाला न हलवता तपासावं, तसं. आणि हे सगळं फुकट, कायदेशीररीत्या फुकट.

माझ्या बॅगेत क्नॉपिक्सची डीव्हीडी होती. ती लावली, सुरुवातीच्या मेन्यूत डीव्हीडीवरून सुरू कर म्हणून सांगितलं, आणि ज्या कॉम्प्युटरला दुकानात मेलेला ठरवलं होतं त्याच्यावर स्वच्छ डेस्कटॉप उभा राहिला. मामी लाडू वळता वळता उठून बघायला आल्या.

आधी डिस्कची तब्येत बघितली. प्रत्येक हार्डडिस्क स्वतःच्या दुखण्यांची नोंद ठेवते. किती सेक्टर बदलावे लागले, किती वाचता येत नाहीत, हे तिला विचारता येतं. मामांच्या डिस्कवर वाचता न येणारे बरेच सेक्टर होते. म्हणजे दोष विंडोजचा नव्हताच. डिस्कच चालली होती.

अशा वेळी एकेक फाइल शोधत बसायचं नसतं. मरणाऱ्या डिस्कवर जितकी धावाधाव, तितकं तिचं आयुष्य कमी. आधी पूर्ण डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यायची. त्यासाठी 'डीडीरेस्क्यू' नावाचं साधन आहे. ते हुशारीनं वागतं. जे सहज वाचता येतं ते आधी उचलतं, खराब जागा ओलांडून पुढे जातं आणि शेवटी त्या जागांकडे परत येतं. काय वाचलं आणि काय राहिलं, याचा हिशेब एका छोट्या फाइलमध्ये लिहीत जातं. ही हिशेबाची फाइल बाहेरच्या डिस्कवर ठेवायची, रॅममध्ये नाही. बाहेरची डिस्क फॅट३२ पद्धतीची नको, कारण तिथे चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

नक्कल जिथे उतरणार ती डिस्क आणि जिचं वाचायचं ती डिस्क, यांची नावं मी तीनदा तपासली. इथे उलटसुलट झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि मग कुणीच वाचवू शकत नाही.

रात्री साडेअकराला लाइट गेली. कॉम्प्युटर बंद. मामा अंधारात म्हणाले, "झालं!" वीस मिनिटांनी लाइट आली, मी पुन्हा डीव्हीडी लावली, तीच आज्ञा दिली, आणि काम जिथे थांबलं होतं साधारण तिथूनच पुढे सुरू झालं. हिशेबाच्या फाइलची किंमत मला तेव्हा कळली.

सकाळी नक्कल तयार होती. थोडा भाग वाचता आला नव्हता. मूळ डिस्क काढून बाजूला ठेवली आणि ती नक्कल, फक्त वाचण्यापुरती, उघडली. फोटो होते, काही अर्धे करडे झालेले. आठवणींची फाइल सापडली. उघडली, तर आत अर्थ नसलेली इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं.

मामांचा चेहरा उतरला. पण फाइल धड होती. मामांनी ती 'शिवाजी' फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. युनिकोड घराघरांत पोचण्याआधीच्या अशा फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर नुसती रोमन खिचडी. तो फॉन्ट त्याच डिस्कवर, विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये होता. तो उचलून लिनक्सला दिला, फाइल पुन्हा उघडली, आणि पहिल्याच ओळीत आजोबांच्या गावाचं नाव दिसलं. मामा मोठ्यानं वाचायला लागले. पहिलं पान संपेपर्यंत मामी लाडवांकडे परत गेल्या नाहीत.

नंतर नवी डिस्क बसवली, आणि विंडोज त्याच दुकानवाल्यानं घातलं, नीट घातलं. त्याचा सल्ला पूर्ण चुकीचा नव्हता, क्रम चुकला होता. आधी नक्कल, मग दुरुस्ती.

तुम्हाला ही डिस्क करून ठेवायची असेल तर एक रिकामा पेनड्राइव्ह पुरे. त्यावरचं जुनं सगळं पुसलं जाईल, हे लक्षात असू द्या. चांगल्या कॉम्प्युटरवर 'सिस्टमरेस्क्यू' किंवा 'लिनक्स मिंट' त्यांच्या मूळ साइटवरूनच उतरवा आणि 'रूफस'सारख्या साधनानं पेनड्राइव्हवर लिहा. कॉम्प्युटर चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी एखादी कळ दाबली की कशावरून सुरू करायचं ते विचारलं जातं. चुकून पुसलेल्या फाइली आणि हरवलेली पार्टिशन शोधायला 'टेस्टडिस्क' आणि 'फोटोरेक' आहेत, पण तेही शक्यतो नकलेवरच चालवा.

मर्यादाही सांगते. हार्डडिस्क टकटक वाजत असेल तर वीज बंद करा आणि जाणकार प्रयोगशाळेकडे न्या, हा खेळ घरचा नाही. एसएसडीवरून पुसलेलं बहुतेक वेळा परत येत नाही. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर ४८ अंकी किल्ली लागते, ती आजच शोधून कागदावर लिहून ठेवा. आणि कुलूप नसेल, तर अशी डिस्क घेऊन कुणीही तुमच्या लॅपटॉपमधलं वाचू शकतं, विंडोजचा पासवर्ड त्याला अडवत नाही.

आपल्या बहुतेक घरांत कुणीतरी काहीतरी टाइप करून ठेवलेलं आहे. कुलवृत्तांत, अभंगांची वही, शेताच्या वाटण्या. पुढच्या सुट्टीत गेलात की त्याची प्रत घ्या, सोबत फॉन्टचीही. मामांकडे आता तीन प्रती आहेत. एक कागदावर छापलेली, आणि त्यात मामींनी पेननं चुका दुरुस्त केल्या आहेत. आजोबांनी सांगितलेली दोन नावं म्हणे उलटी पडली होती.