जर्मनीत वाजवणार नाही!

ॲडॉल्फ हे नाव ऐकलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? बरोबर, आखूड मिशीवाला हिटलर! पण आज तुमची ओळख करून द्यायची आहे ती एका वेगळ्याच ॲडॉल्फशी. हाही जर्मनच, हिटलरपेक्षा दोन वर्षांनी लहान. याच्या हातात मात्र व्हायोलिन होतं. त्याचं नाव ॲडॉल्फ बुश.

८ ऑगस्ट १८९१ रोजी जर्मनीतल्या झीगन या गावात ॲडॉल्फचा जन्म झाला. वडील मूळचे सुतारकाम करणारे. पुढे ते व्हायोलिनं बनवायला आणि दुरुस्त करायला लागले. घरात पैसा बेताचा आणि पोरं बरीच. मग वडील काय करायचे, तर गावात नाचगाण्याचा कार्यक्रम असला की थोरला फ्रिट्झ आणि त्याच्या पाठचा ॲडॉल्फ यांना बरोबर घेऊन जायचे. फ्रिट्झ पियानोवर, ॲडॉल्फ व्हायोलिनवर. तुम्ही ज्या वयात नऊ वाजता झोपता ना, त्या वयात ही मुलं रात्री उशिरापर्यंत वाजवून घराला हातभार लावत होती!

अकराव्या वर्षी ॲडॉल्फ कलोन शहरातल्या संगीतशाळेत दाखल झाला. तिथले त्याचे दोन्ही गुरू योआखिम या थोर वादकाचे शिष्य होते आणि योआखिम हा संगीतकार ब्राम्सचा जिवलग मित्र. आपल्याकडे गाण्यात घराणं म्हणतात, तसलाच काहीसा हा प्रकार. १९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बुश बर्लिनच्या संगीत महाविद्यालयात प्राध्यापक झालेसुद्धा.

एकट्यानं टाळ्या मिळवण्यापेक्षा त्यांना चौघांनी मिळून वाजवणं फार आवडायचं. दोन व्हायोलिनं, त्याहून जराशी मोठी व्हिओला आणि खुर्चीवर बसून वाजवायचा चेलो, अशा चौघांच्या मेळाला क्वार्टेट म्हणतात. म्हणजे चौकडीच म्हणा ना! (कट्ट्यावरची नव्हे हं.) यात एकानं पुढं पुढं केलं की सगळं बिघडतं. दुसऱ्याचं ऐकत ऐकत वाजवावं लागतं. 'बुश क्वार्टेट'चं नाव पुढे युरोपभर झालं. त्यात धाकटा भाऊ हेरमान चेलो वाजवत असे.

१९२० साली व्हिएन्नामध्ये त्यांना सतरा वर्षांचा एक पियानोवादक भेटला. रुडॉल्फ सर्किन त्याचं नाव. पोरगा हुशार, पण घरची गरिबी. बुशनी त्याला सरळ आपल्या घरी राहायलाच आणलं. दोघं वर्षानुवर्षं एकत्र वाजवत राहिले. पुढे सर्किन त्यांचा जावईही झाला. सर्किन ज्यू होता, एवढं ध्यानात ठेवा.

१९२७ च्या सुमारास बुश स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरी राहायला गेले. हे शहर अगदी जर्मनीच्या सीमेवर. १९२९ साली तिथे त्यांच्याकडे शिकायला आला तेरा वर्षांचा येहुदी मेनुहिन. हा अमेरिकन मुलगा अकराव्या वर्षीच न्यूयॉर्कमध्ये बेथोव्हेनचा कॉन्चेर्टो वाजवून जगप्रसिद्ध झाला होता, आणि तेव्हा वाद्यवृंदाचं संचालन केलं होतं आपल्या फ्रिट्झ बुशनी! अशा नावाजलेल्या मुलाला आणखी काय शिकवायचं? बुश म्हणत, संगीतकारानं जे लिहिलंय ते आधी नीट वाच. पाश्चात्त्य संगीतात रचना स्वरन् स्वर लिहिलेली असते. आपली चलाखी दाखवायला ती वाकवायची नाही, असा त्यांचा दंडक होता. हेच मेनुहिन १९५२ साली भारतात आले, मुंबईत त्यांनी व्हायोलिन वाजवलं आणि तिथेच पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींची गाठ पडून ते योगासनं शिकू लागले. पण ती कथा पुन्हा केव्हातरी.

आता येतं १९३३ साल. जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. मार्चमध्ये ड्रेस्डेनच्या ऑपेरात नाझींनी आरडाओरडा करून फ्रिट्झना व्यासपीठावरून हुसकावलं. १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला. दुकानांच्या दारांत गणवेशातले नाझी उभे, आत जाणाऱ्याला अडवायला. बुश त्या दिवशी बर्लिनमध्येच होते. हायडन या संगीतकाराची, येशू ख्रिस्ताच्या अखेरच्या सात उद्गारांवरची रचना त्यांच्या क्वार्टेटनं तिथे वाजवली. आणि मग? जर्मनीतले पुढचे सगळे कार्यक्रम बुशनी रद्द करून टाकले!

नीट लक्षात घ्या. बुश स्वतः ज्यू नव्हते. त्यांना कुणी 'चालते व्हा' म्हटलं नव्हतं. उलट त्यांनी परत यावं म्हणूनच खटपटी झाल्या. ते नामांकित जर्मन वादक होते, त्यांचे सर्वांत जास्त श्रोते जर्मनीतच होते आणि पोटही बरंचसं त्याच कार्यक्रमांवर चालत होतं. तरी ते गेले नाहीत. १९३५ मध्ये त्यांनी स्वित्झर्लंडचं नागरिकत्व घेतलं. १९३८ मध्ये इटलीनंही ज्यूंविरुद्ध कायदे केले, तेव्हा तिथलंही वादन बंद! घरातल्या मोठ्यांना विचारून पाहा, चालू मिळकत अशी आपल्या हातानं बंद करणं किती अवघड असतं ते.

याची किंमत त्यांना मोजावीच लागली. १९३९ साली ते अमेरिकेला गेले. तिथल्या बऱ्याच श्रोत्यांना झगमगाट हवा होता. चौघांनी बसून वाजवलेलं शांत संगीत ऐकणारे थोडे. त्यात १९४० मध्ये हृदयविकाराचा झटका आला. कार्यक्रम कमी झाले, नाव मागं पडलं. मला तर वाटतं, आजही त्यांचं नाव जितकं घेतलं जायला हवं तितकं घेतलं जात नाही. त्यांची १९३० च्या दशकातली बेथोव्हेनची ध्वनिमुद्रणं मिळाली तर जरूर ऐका. खरखर आहे, पण कान द्या.

शिकवणं मात्र सुटलं नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, मार्लबरो नावाच्या छोट्याशा गावी, त्यांनी सर्किन आणि आणखी काही जणांच्या साथीनं उन्हाळी संगीतशाळा काढली. १९५१ च्या उन्हाळ्यात ती सुरू झाली. इथली रीत वेगळी. गुरू समोर बसून चुका काढत नाहीत, तर मुरलेले वादक आणि नवे वादक एकाच चौकडीत शेजारी शेजारी बसून वाजवतात. कार्यक्रम करायलाच हवा असंही नाही. नुसता सराव केला तरी चालतं.

बुशना ही शाळा जेमतेम एक वर्ष पाहायला मिळाली. ९ जून १९५२ रोजी ते गेले. पुढे सर्किननी ती कितीतरी वर्षं चालवली. दर उन्हाळ्यात तिथे अजूनही वादक जमतात. आणि गंमत सांगू? जेवणाच्या वेळी हे सगळे मोठमोठे कलावंत कागदी रुमालांचे बोळे करून एकमेकांना मारतात. सर्किनसुद्धा मारायचे!