मोटारगाडीसाठी सुपरचार्जर की टर्बोचार्जर? : निवडीचे भौतिक व व्यावहारिक निकष

प्रास्ताविक

मोटारगाडी ही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने घरानंतरची बहुधा सर्वांत मोठी खरेदी होय. असे असूनही इंजिनाविषयीचा निर्णय बहुतेक वेळा माहितीपत्रकातील कमाल अश्वशक्तीच्या एका आकड्यावर सोपविला जातो. प्रस्तुत लेखक भौतिकशास्त्राचा अध्यापक असल्याने अन्य विभागांतील सहकाऱ्यांकडून ‘टर्बो घ्यावी का?’ आणि विद्यार्थ्यांकडून ‘सर, सुपरचार्जर जास्त चांगला ना?’ असे दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. दोन्ही प्रश्नांत एक गृहीत दडलेले आहे. ते म्हणजे या दोन साधनांपैकी एक निरपेक्षपणे श्रेष्ठ असले पाहिजे. हे गृहीत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. कोणते साधन अधिक शक्ती देते यापेक्षा हवा दाबण्याचे काम कोणाच्या खर्चाने होते आणि इंजिनाच्या कोणत्या वेगाला ती हवा उपलब्ध होते, हे दोन प्रश्न निवडीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहेत, असे येथे प्रतिपादन केले आहे.

हवेची गरज

पेट्रोलच्या १ किलोग्रॅमच्या पूर्ण ज्वलनासाठी सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. सिलिंडरमध्ये इंधन हवे तेवढे सोडता येते. हवा मात्र वातावरणाच्या दाबाने जेवढी आत शिरेल तेवढीच मिळते. म्हणून त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती हवी असेल, तर हवा दाबून आत भरावी लागते. हे काम करणारा संपीडक इंजिनाच्या भुजादंडावरून पट्ट्याने किंवा दंतचक्राने फिरविला तर त्यास सुपरचार्जर म्हणतात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंवर चालणाऱ्या टरबाइनने तो फिरविला तर त्यास टर्बोचार्जर म्हणतात.

दोन्ही कल्पना वाटतात त्यापेक्षा जुन्या आहेत. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील रूट्स बंधूंनी १८६० मध्ये ज्या हवाभात्याचे एकस्व घेतले, त्याचीच रचना पुढे मोटारीच्या सुपरचार्जरमध्ये उतरली. निष्कास वायूंच्या ऊर्जेवर संपीडक चालविण्याचे एकस्व स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये घेतले. मर्सिडीजने १९२१ मध्ये सुपरचार्जर बसविलेल्या प्रवासी मोटारी सादर केल्या. टर्बोचार्जर बसविलेल्या प्रवासी मोटारी मात्र १९६२ मध्ये, म्हणजे चार दशकांनंतर, अमेरिकेत बाजारात आल्या.

संपीडनाचा खर्च

हवा दाबणे हे फुकटचे काम नाही. उदाहरणादाखल १,२०० घन सेंटिमीटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन घेऊ. ते मिनिटाला ५,००० फेऱ्यांनी चालत आहे, बाहेरचे तापमान ३० अंश सेल्सिअस आहे आणि हवेचा दाब वातावरणाच्या दीडपट करावयाचा आहे. हवा दाबली की ती तापते. आदर्श स्थितीत ही वाढ सुमारे ३७ अंश येते. परंतु संपीडकाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर ती ६२ अंशांवर जाते, म्हणजे हवा सुमारे ९२ अंशांची होते. तप्त हवा विरळ असते. त्यामुळे दाब ५० टक्क्यांनी वाढूनही हवेचे वस्तुमान केवळ २५ टक्क्यांच्या आसपास वाढते! हीच हवा शीतकातून नेऊन ५० अंशांपर्यंत थंड केली, तर वाढ ४० टक्क्यांच्या घरात जाते. सर्वसामान्य चर्चेत दाबाचा आकडा सांगितला जातो आणि तापमानाचा गाळला जातो. इंटरकूलर या नावाने ओळखला जाणारा हा शीतक दोन्ही पद्धतींत तितकाच आवश्यक ठरतो, तो यामुळे.

आता खर्च पाहू. वरील स्थितीत संपीडकाला सुमारे ४.५ किलोवॅट, म्हणजे सहा अश्वशक्ती लागतात. घर्षणाचे नुकसान वेगळे. सुपरचार्जरमध्ये ही सहा अश्वशक्ती भुजादंडातून, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या शक्तीतून वजा होते. टर्बोचार्जरमध्ये ती निष्कास वायूतून मिळते. इंधनातील ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग अन्यथा निष्कास नळीतून वाया जात असल्याने इंधनबचतीच्या दृष्टीने टर्बोचार्जरची बाजू येथे निर्विवादपणे वरचढ आहे. तथापि, ‘टर्बो फुकटात चालतो’ हे विधान अर्धसत्य आहे. वायूंच्या वाटेत टरबाइन उभे केले की त्यांचा प्रतिदाब वाढतो आणि वायू बाहेर ढकलण्यासाठी दट्ट्याला अधिक श्रम पडतात.

प्रतिसाद : एक दुर्लक्षित भेद

टर्बोचार्जरवरील नेहमीचा आक्षेप विलंबाचा आहे. येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत केली जाते. पहिली गोष्ट म्हणजे उंबरठा. ठरावीक वेगाखाली निष्कास वायूंचा प्रवाहच इतका क्षीण असतो की चालक प्रवेगक कितीही दाबो, टरबाइन पुरेसा दाब निर्माण करू शकत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे खरा विलंब. प्रवाह पुरेसा असूनही टरबाइनच्या चक्राला मिनिटाला एक ते दोन लाख फेऱ्यांच्या वेगापर्यंत पोहोचण्यास काही क्षण लागतात. विलंब सवयीने अंगवळणी पडतो. उंबरठ्यावर मात्र खालचा गिअर टाकण्यावाचून उपाय नसतो. फियाटचे १.३ लिटर डिझेल इंजिन बसविलेली मारुती स्विफ्ट ज्यांनी घाटात चालविली असेल त्यांना हा अनुभव परिचित असेल. त्या इंजिनाचे १९० न्यूटन-मीटर परिबल २,००० फेऱ्यांना मिळे. वळणावर फेरे १,५०० च्या खाली गेले की तीच गाडी एकाएकी जड वाटू लागे, आणि मागच्या एसटीचा भोंगा वाजू लागे.

सुपरचार्जर भुजादंडाशी जोडलेला असल्याने हा उंबरठा त्यास नसतो, असे म्हटले जाते. हे विधान रूट्स किंवा दुहेरी स्क्रू पद्धतीच्या सुपरचार्जरपुरते खरे आहे. कारण ते प्रत्येक फेऱ्यागणिक हवेचे ठरावीक आकारमान पुढे ढकलतात. अपकेंद्री सुपरचार्जरला मात्र ते लागू पडत नाही. त्याने निर्माण केलेला दाब वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. निम्म्या वेगाला दाबवाढ जवळपास एक चतुर्थांश उरते. असा सुपरचार्जर घेणाऱ्यास इंधनाचा खर्चही सोसावा लागतो आणि कमी वेगातील जोरही मिळत नाही.

दोन्हींचे गुण एकत्र करण्याचे प्रयत्नही झाले. फोक्सवागनने २००५ मध्ये गोल्फ गाडीच्या १.४ लिटर इंजिनावर दोन्ही साधने एकदम बसविली आणि १७० अश्वशक्ती मिळविल्या. कमी वेगात सुपरचार्जर काम करी आणि ३,५०० फेऱ्यांच्या पुढे चुंबकीय क्लचने तो सोडविला जाई. रचना बुद्धिमान, पण गुंतागुंतीची व महाग होती. कंपनीने पुढे ती सोडून लहान व हलक्या टर्बोचार्जरचा मार्ग पत्करला, यातच पुष्कळ काही आले.

उंचीचा प्रश्न

घाटमाथ्यावर राहणाऱ्यांच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास १५ टक्क्यांनी कमी असतो. साध्या इंजिनाची शक्तीही साधारण त्याच प्रमाणात घटते. वाईहून पसरणीचा घाट चढताना ८५ अश्वशक्तीची गाडी वर पोहोचेपर्यंत बहात्तर-त्र्याहत्तरची झालेली असते. सुपरचार्जरने हा प्रश्न सुटत नाही. ठरावीक गुणोत्तराने फिरणारा सुपरचार्जर बाहेरच्या दाबाच्या दीडपट दाब देतो. मूळ दाबच कमी झाला की त्याची दीडपटही कमी होते. टर्बोचार्जरमध्ये सपाटीवर काही निष्कास वायू झडपेतून टरबाइनला वळसा घालून सोडले जातात. उंचीवर ही झडप मिटून टरबाइन अधिक वेगाने फिरविता येते आणि घट भरून निघते. सॅनफर्ड मॉस या अमेरिकी अभियंत्याने १९१८ मध्ये कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंच शिखरावर लिबर्टी विमान-इंजिन नेऊन हेच सिद्ध केले. सपाटीवर सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० पर्यंत घसरले आणि टर्बोचार्जर जोडताच पुन्हा ३५० च्या पुढे गेले. उलट, सुपरचार्जरवर विसंबणाऱ्या रोल्स-रॉइस मर्लिन या विमान-इंजिनाला पुढील काळात दोन वेग व दोन टप्पे असलेली रचना स्वीकारावी लागली.

भारतीय बाजारपेठेतील वास्तव

भारतात ही निवड केवळ भौतिकशास्त्राने ठरलेली नाही. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ४ मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० घन सेंटिमीटरपर्यंत पेट्रोल किंवा १,५०० घन सेंटिमीटरपर्यंत डिझेल इंजिन असलेल्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. वस्तू व सेवा करातही ही सीमारेषा कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादेतील गाड्यांवर १८ टक्के, तर मोठ्या गाड्यांवर ४० टक्के कर आहे. इंजिनाचा आकार करामुळे बांधला गेला की शक्ती वाढविण्यासाठी हवा दाबणे हाच मार्ग उरतो. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली १.२ लिटरची पोलो जीटी २०१३ मध्ये आली. त्यानंतर १ लिटरच्या आसपासची तीन सिलिंडरची टर्बो इंजिने अनेक कंपन्यांनी आणली. २०१९ च्या ह्युंदाई व्हेन्यूचे १७२ न्यूटन-मीटर परिबल अवघ्या १,५०० फेऱ्यांपासून मिळू लागले. उंबरठा इतका खाली आल्यावर सुपरचार्जरचा मुख्य युक्तिवादच दुबळा झाला.

या लहान इंजिनांविषयी एक सावधगिरीची सूचना येथे करावीशी वाटते. लहान टर्बो इंजिन इंधन वाचविते ते हलक्या पायाने चालविले तरच. चार माणसे, सामान, वातानुकूलन आणि चढ अशा भाराखाली अधिक हवेबरोबर इंधनही अधिक जाते. कागदावरचे प्रतिलिटर अंतर आणि प्रत्यक्षातील अंतर यांतील तफावत अशा इंजिनात साध्या इंजिनापेक्षा अधिक आढळते. यास फसवणूक म्हणता येणार नाही. शक्ती वापरली की तिचे मोल द्यावेच लागते.

निवड करताना

जुन्या गाडीला बाहेरून संच बसविण्याचा विचार विद्यार्थ्यांच्या मनात हटकून असतो. साध्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर उच्च असते. त्यावर दाबलेली हवा सोडली की अकाली स्फोटन होऊन दट्ट्या निकामी होण्याचा संभव असतो. १९६२ च्या ओल्ड्समोबाइल जेटफायर गाडीत हाच धोका टाळण्यासाठी पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारले जाई. त्याची टाकी वेळेवर भरणे मालकांना जमेना आणि गाडी दोन वर्षांतच बंद पडली. आपल्याकडे कायद्याचाही अडसर आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला आहे. सबब हा विचार प्रयोगशाळेतील इंजिनापुरता मर्यादित ठेवणे इष्ट.

नवी गाडी घेणाऱ्याने मात्र कमाल अश्वशक्तीऐवजी कमाल परिबल कोणत्या फेऱ्यांपासून मिळते, हे विक्रेत्यास विचारावे. १,५०० आणि २,००० यांतील अंतर कागदावर क्षुल्लक, पण घाटातील वळणावर मोठे असते. गावातल्या गावात दहा-बारा किलोमीटर फिरणाऱ्यास टर्बोचीही गरज नाही; साधे इंजिन स्वस्त पडते व त्याची निगाही सोपी. टर्बोचार्जरचा दंड तेलाच्या पातळ थरावर फिरतो. म्हणून ठरलेल्या प्रतीचे तेल ठरलेल्या मुदतीत बदलणे आणि घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर मंद चालू ठेवणे, या दोन सवयी आवश्यक ठरतात. गाडीची चाचणी घेताना विक्रेता ती बहुधा मोकळ्या सपाट रस्त्यावर नेतो. तसे न करता चार जण बसवावेत, वातानुकूलन सुरू ठेवावे, एखादा चढ निवडावा आणि दुसऱ्या गिअरमध्ये, दीड हजाराच्या आतील फेऱ्यांवर, प्रवेगक दाबून पाहावा.